हॅलोजन प्रकल्पाच्या नोंदी: फ्लोरीन पहिला का?

८ जुलै

विषय ठरला: हॅलोजन, म्हणजे आवर्तसारणीच्या सतराव्या गणातली मूलद्रव्यं. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, मग अ‍ॅस्टटीन आणि शेवटी टेनेसीन. बाह्यतम कवचात सात इलेक्ट्रॉन, आठव्याची ओढ, आणि गणात खाली जावं तशी क्रियाशीलता कमी. शाळेपासून आम्ही दोघी हेच लिहीत आलोय. मॅडमनी यादी बघितली आणि विचारलं, "हे तर पुस्तकात आहेच. तुमचा प्रश्न काय?"

उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी तक्ता उघडून बसले आणि प्रश्न समोरच पडलेला दिसला. वायुरूप अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की जी ऊर्जा बाहेर पडते तिचे आकडे, किलोज्यूल प्रति मोलमध्ये: फ्लोरीन ३२८, क्लोरीन ३४९, ब्रोमीन ३२५, आयोडीन २९५. पहिला नंबर क्लोरीनचा! इलेक्ट्रॉनची ओढ हेच क्रियाशीलतेचं कारण असेल, तर क्लोरीन फ्लोरीनच्या पुढे असायला हवा. पण फ्लोरीन कोरड्या सोडियम क्लोराइडमधून क्लोरीनला हुसकावून लावतो, उलटं कधी होत नाही. "आकार लहान, म्हणून ओढ जास्त" हे वाक्य मी किती परीक्षांत लिहिलं असेल! फ्लोरीनपाशी येऊन ते अडतं.

हाच प्रश्न घ्यायचा.

९ जुलै

काय हाताळायचं आणि काय नाही, याची यादी. फ्लोरीन वायू अजिबात नाही. तो पाण्याशीही क्रिया करून हायड्रोजन फ्लोराइड आणि ऑक्सिजन देतो, आणि ते हायड्रोजन फ्लोराइड काच खातं. फ्लोरीनशी आमची गाठ फक्त आकड्यांत. द्रव ब्रोमीन नाही, फक्त ब्रोमीनचं पाणी. क्लोरीन मॅडम स्वतः फ्यूम हूडखाली (विषारी वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) तयार करून देणार. आयोडीन, पोटॅशियमचे हॅलाइड क्षार, सिल्व्हर नायट्रेट, स्टार्च, सायक्लोहेक्झेन आणि हायपो (सोडियम थायोसल्फेट) कपाटात आहेत.

११ जुलै

मॅडमनी मँगनीज डायॉक्साइडवर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून क्लोरीन काढला आणि थंड पाण्यात सोडला. १७७४ साली रसायनशास्त्रज्ञ शीलने हीच जोडी वापरली होती. पाणी इतकं फिकट हिरवट झालं, की मागे पांढरा कागद धरल्याशिवाय रंग कळत नव्हता. १८१० मध्ये डेव्हीने हे मूलद्रव्यच आहे असं ठासून सांगितलं आणि फिकट हिरव्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. त्याआधी लोक याला कुठल्याशा आम्लाचं ऑक्सिजनयुक्त रूप समजत होते.

क्लोरीनच्या पाण्याचं टायट्रेशन केलं: जास्तीचं पोटॅशियम आयोडाइड घालायचं, सुटलेलं आयोडीन हायपोने मोजायचं. ०.०५ मोलर, म्हणजे लिटरला ०.०५ मोल, आलं. बाटली तपकिरी काचेची घेतली. साध्या काचेच्या बाटलीतही थोडं ठेवलंय, खिडकीत, मुद्दाम.

आयोडीनचं द्रावण करताना वेळ गेला. पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही, एका लिटरला फार तर ०.३ ग्रॅम. पोटॅशियम आयोडाइड घातलं की मात्र भराभर विरघळतं, कारण आयोडीनचा रेणू आयोडाइड आयनाला धरून तीन अणूंचा तपकिरी आयन बनवतो.

१५ जुलै

आज पहिलं विस्थापन, म्हणजे एका हॅलोजनने दुसऱ्याला त्याच्या क्षारातून हुसकावणं, आणि पहिल्याच नळीत घोळ.

पोटॅशियम ब्रोमाइडवर क्लोरीनचं पाणी: नारिंगी पिवळा रंग, अपेक्षेप्रमाणे. क्लोरीनने ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन काढून घेतला, ब्रोमीन मोकळा झाला. मग पोटॅशियम आयोडाइड. ०.०२ मोलर द्रावण १ मिलीलिटर घेतलं आणि ड्रॉपरने क्लोरीनचं पाणी भराभर ओतलं, २ मिलीलिटर तरी असेल. नळीत तपकिरी रंगाचा ढग उठला. मी वही ओढली, "तपकिरी" असं लिहायला लागले, तेवढ्यात जोडीदार म्हणाली, "अगं, रंग गेला बघ."

खरंच गेला होता. नळीत नुसतं पाण्यासारखं द्रावण. स्टार्च घातला, निळं काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आयोडाइडची बाटली चुकीची असेल म्हणून दुसरी घेतली. तपकिरी ढग, आणि हलवलं की स्वच्छ.

दोघींचा चेहरा पडला. साधं विस्थापन, शाळेत दाखवतात ते, आणि आमच्या हातून होईना. मॅडमना बोलावलं. त्यांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "आयोडीन सुटलं होतं ना? तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना? मग ते गेलं कुठे, याचा विचार करा. क्लोरीन थोडं घातलंत की भरपूर?"

रात्री उलगडलं. क्लोरीनने आयोडाइडपासून आयोडीन सोडवलं, पण क्लोरीन शिल्लक असल्यामुळे काम तिथे थांबलं नाही. त्याने आयोडीनचंही ऑक्सिडीकरण केलं, म्हणजे त्याचेही इलेक्ट्रॉन ओढले, थेट आयोडेटपर्यंत, आणि आयोडेटला रंग नसतो. आयोडाइडमध्ये आयोडीनचा ऑक्सिडीकरण अंक उणे एक असतो, आयोडेटमध्ये अधिक पाच. एका आयोडाइडला आयोडीन करायला अर्धा क्लोरीन रेणू पुरतो, आयोडेट करायला तीन लागतात. म्हणजे सहापट. आमच्या नळीत ०.०२ मिलिमोल आयोडाइड होतं. आयोडीनसाठी ०.०१ मिलिमोल क्लोरीन पुरे, आयोडेटसाठी ०.०६. आम्ही ओतलं ०.१ मिलिमोल. प्रयोग चुकलाच नव्हता. आम्ही त्याच्या पुढच्या टप्प्यावर जाऊन पोचलो होतो.

१६ जुलै

तोच प्रयोग, थेंबाथेंबाने. पहिला थेंब: पिवळा. दुसरा, तिसरा: गडद होत जातो. चौथ्या-पाचव्याला सर्वांत तपकिरी, पण शिगेचा क्षण नुसत्या डोळ्यांनी नेमका पकडता येत नाही. त्यानंतर कितीतरी थेंब काहीच फरक वाटत नाही. मग रंग उतरायला लागतो, विटका पिवळा होतो, आणि सत्ताविसाव्या थेंबाला नळी स्वच्छ. एक थेंब साधारण ०.०५ मिलीलिटर धरला तर हिशोबाने चोविसाव्यालाच व्हायला हवं होतं. क्लोरीन थोडं उडून जातं, तेवढा फरक पडणारच. सहापटीचा अंदाज प्रत्यक्षात उतरताना बघून फार बरं वाटलं.

नंतर सायक्लोहेक्झेन. ते पाण्यात मिसळत नाही आणि हलकं असल्यामुळे वर तरंगतं. हॅलोजनचे रेणू पाण्यापेक्षा त्यात खुशाल विरघळतात. नळीला बूच लावून हलवायची, उभी ठेवायची, अर्ध्या मिनिटात थर वेगळे होतात. आयोडीनचा वरचा थर जांभळा, अगदी जास्वंदी नव्हे, निळसर झाक असलेला. पाण्यातला तपकिरी रंग कुठे आणि हा कुठे, पण मूलद्रव्य एकच. सायक्लोहेक्झेनमध्ये आयोडीनचा रेणू सुटा असतो, त्यामुळे त्याचा रंग वाफेसारखाच दिसतो. ब्रोमीनचा थर नारिंगी, क्लोरीनचा जवळजवळ बिनरंगी.

सगळ्या जोड्या तपासल्या. क्लोरीन ब्रोमाइडला आणि आयोडाइडला हरवतो. ब्रोमीन फक्त आयोडाइडला. आयोडीन कुणालाच नाही. तक्ता करायचीही गरज नाही, एवढं सरळ आहे.

खिडकीतल्या बाटलीचं टायट्रेशन केलं. पाच दिवसांत संहती निम्म्याहून खाली आलीय. क्लोरीनच्या पाण्यात तयार होणारं हायपोक्लोरस आम्ल उजेडात फुटतं, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ऑक्सिजन होतो. तपकिरी बाटलीतलं मात्र जवळपास तसंच.

१७ जुलै

ब्रोमीनची नळी काल उन्हात राहिली होती. वरचा नारिंगी थर आज फिकट. सायक्लोहेक्झेननेच ब्रोमीन खाल्लं, उजेडात हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन बसतो. यापुढे नळ्या कपाटात.

२० जुलै

सिल्व्हर नायट्रेटचा दिवस. क्लोराइड: पांढरा दह्यासारखा अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा घन). ब्रोमाइड: साईच्या रंगाचा. आयोडाइड: पिवळा. पांढरा आणि साईचा शेजारी ठेवल्याशिवाय ओळखणं कठीण, म्हणून अमोनिया. पांढरा विरल अमोनियात विरघळून गेला, साईचा संहत अमोनियात, पिवळा कशातच हलला नाही. फ्लोराइडने अवक्षेपच दिला नाही, सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात सहज विरघळतं. इथेही फ्लोरीन बाकीच्यांपासून वेगळा.

पांढऱ्या अवक्षेपाची नळी उजेडात ठेवली तर दहा मिनिटांत वरचा भाग करडा जांभळा व्हायला लागला, चांदी सुटी होतेय. छायाचित्रांच्या फिल्मचा सगळा धंदा याच क्षारांवर, विशेषतः सिल्व्हर ब्रोमाइडवर, उभा होता.

अमोनियाच्या नळ्या लगेच आम्ल घालून ओतून टाकल्या. चांदी आणि अमोनियाचं द्रावण साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. हे मॅडमनी तीनदा बजावलं आणि मी इथे लाल शाईने लिहिलंय.

२२ जुलै

आयोडीन वितळतं का? वर्गात अर्ध्याहून जास्त जणांनी "नाही, त्याचं थेट संप्लवन होतं", म्हणजे घनातून सरळ वाफ, असं सांगितलं. पुस्तकातही असंच काहीसं लिहिलेलं असतं. पण तक्ता सांगतो: द्रवणांक ११३.७ अंश सेल्सिअस, उत्कलनांक १८४.३. म्हणजे मधे सत्तर अंशांचा द्रव आहे.

दोन्ही करून बघितलं. उघड्या चंचुपात्रात स्फटिक, वर थंड पाण्याने भरलेला गोल तळाचा चंबू, खालून मंद आच. जांभळी वाफ उठली आणि चंबूच्या तळाला काळ्या, चकचकीत सुया लागल्या. टोकाला भिंगातून बघितलं तर सुया नाहीत, पातळ पापुद्रे आहेत, एकावर एक तिरके रचलेले, धातूसारखी झळाळी असलेले. हात लावला असता तर चुरा झाला असता. मग एका बारीक, बंद केलेल्या केशनळीत थोडं आयोडीन भरून पॅराफिन तेलात सावकाश तापवलं. ११४ च्या आसपास कणांच्या कडा ओलसर दिसल्या, आणि नंतर नळीच्या तळाशी गडद, जवळजवळ काळा थेंब जमला. द्रव आयोडीन! जोडीदाराला म्हटलं, "ये, लवकर बघ, पुन्हा गोठायच्या आत."

घन आयोडीनची वाफ होण्याची प्रवृत्ती एवढी मोठी, की उघड्या भांड्यात वितळायच्या आधीच ते बरंचसं उडून जातं. त्यावरून ते वितळतच नाही असं म्हणणं चूक आहे.

खोलीच्या तापमानाला क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन घन. उत्कलनांक फ्लोरीनपासून क्रमाने उणे १८८, उणे ३४, ५९, १८४. रेणू मोठे, इलेक्ट्रॉन जास्त, रेणूंमधलं आकर्षण जास्त. एवढं इथे पुरे.

२५ जुलै

आज प्रयोग नाही, वाचन. १८११ साली कूर्त्वा समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करत होता. सल्फ्युरिक आम्ल जास्त पडलं आणि आयोडीनची जांभळी वाफ उठली. १८२६ मध्ये बालारला मीठागराच्या उरलेल्या पाण्यात क्लोरीन सोडल्यावर ब्रोमीन मिळालं. म्हणजे त्याने केलं ते आमचं पंधरा तारखेचंच विस्थापन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिखच्या हाती हा द्रव त्याआधी आला होता, पण त्याने तो आयोडीन क्लोराइड समजून बाजूला ठेवला, ही गोष्ट वाचून बराच वेळ विचार करत राहिले. तपकिरी, उग्र वासाचा द्रव, क्लोरीन आणि आयोडीन यांचं संयुग दिसतंही तसंच. डोळ्यांना दिसलेल्या रंगाचा अर्थ लावताना त्याच्यासारखा माणूस फसतो.

आणि फ्लोरीन. त्याला वेगळं काढायच्या धडपडीत कित्येकांनी हायड्रोजन फ्लोराइडने तब्येत गमावली, काहींनी जीव. १८८६ च्या जूनमध्ये म्वासाँला यश आलं. निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमधून वीज वाहत नाही, म्हणून त्याने त्यात पोटॅशियम हायड्रोजन फ्लोराइड विरघळवलं, उपकरण प्लॅटिनमचं, इलेक्ट्रोड प्लॅटिनम-इरिडियमचे, आणि सगळं शून्याखाली बरंच थंड ठेवलेलं. निघालेल्या वायूत सिलिकॉन धरताच पेटलं. १९०६ चं नोबेल त्याला मिळालं. रासायनिक ऑक्सिडक वापरून फ्लोरीन सुटा होईना, कारण फ्लोराइडचा इलेक्ट्रॉन काढून घेईल असा साधा पदार्थच हाताशी नव्हता. वीजच लागली.

२९ जुलै

मुख्य हिशोब.

इलेक्ट्रॉनची ओढ ही एकच पायरी झाली. पाण्यातल्या विस्थापनात तीन पायऱ्या असतात: रेणू तोडून सुटा अणू करा (ब्रोमीन, आयोडीनसाठी आधी त्यांची वाफ करा), अणूला इलेक्ट्रॉन द्या, मग आयनाला पाण्याच्या रेणूंनी वेढा, म्हणजे जलयोजन. पहिल्या पायरीला ऊर्जा खर्च होते, उरलेल्या दोन्हींत मिळते. एका अणूमागे धरलेले आकडे, किलोज्यूल प्रति मोल:

फ्लोरीन: खर्च ७९, इलेक्ट्रॉनमुळे मिळकत ३२८, जलयोजनाची ५१५. निव्वळ मिळकत ७६४.
क्लोरीन: खर्च १२१, मिळकत ३४९ आणि ३८१. निव्वळ ६०९.
ब्रोमीन: खर्च ११२, मिळकत ३२५ आणि ३४७. निव्वळ ५६०.
आयोडीन: खर्च १०७, मिळकत २९५ आणि ३०५. निव्वळ ४९३.

इलेक्ट्रॉनच्या पायरीवर फ्लोरीन क्लोरीनपेक्षा २१ ने मागे आहे. पण रेणू तोडायला त्याला ४२ कमी लागतात, आणि जलयोजनात तो १३४ ने पुढे जातो. पहिल्या नोंदीतल्या प्रश्नाचं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

त्यामागचं कारण मला त्याहून आवडलं. फ्लोरीनचा अणू फार लहान. आधीच दाटीवाटीने बसलेल्या सात इलेक्ट्रॉनांत आठवा आला की ते एकमेकांना ढकलतात, म्हणून इलेक्ट्रॉन घेताना मिळकत अपेक्षेहून कमी. रेणूतही दोन अणू इतके जवळ (१४२ पिकोमीटर, क्लोरीनमध्ये १९९), की बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना रेटतात, म्हणून बंध कमजोर: पूर्ण रेणू तोडायला १५८ किलोज्यूल प्रति मोल, क्लोरीनचा २४३. आणि आयन लहान म्हणून पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगतात. लहानपणाने एका ठिकाणी तोटा केला आणि दोन ठिकाणी फायदा.

पडताळणीही झाली. पाण्यात इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद व्होल्टमध्ये मोजणारे प्रमाणित इलेक्ट्रोड विभव, फ्लोरीनपासून क्रमाने: २.८७, १.३६, १.०७, ०.५४ व्होल्ट. लागोपाठच्या दोघांतलं अंतर १.५१, ०.२९, ०.५३. आमच्या हिशोबातली अंतरं १५५, ४९, ६७. एका व्होल्टला ९६.५ किलोज्यूल धरले तर विभवांवरून १४६, २८, ५१ येतात. आकडे तंतोतंत जुळत नाहीत, जुळायलाही नकोत, कारण आम्ही एन्ट्रॉपी, म्हणजे कणांच्या विस्कळीतपणातला बदल, धरलेली नाही. पण ठेवण तीच: पहिलं अंतर प्रचंड, दुसरं सर्वांत लहान.

मॅडमनी एक प्रश्न समासात लिहून दिला: "मग हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य का?" फ्लोरीन सर्वांत क्रियाशील, मग त्याचं आम्ल सर्वांत तीव्र, असं मीही धरून चालले होते. पण आम्ल होण्यासाठी हायड्रोजन सुटायला हवा, आणि हायड्रोजन-फ्लोरीन बंध ५६५ किलोज्यूलच्या घरातला आहे, हायड्रोजन-आयोडीनचा २९८. जो घट्ट धरतो तो सोडत नाही.

१ ऑगस्ट

फ्यूम हूडखाली मॅडमनी संहत सल्फ्युरिक आम्लाच्या तीन नळ्या करून दाखवल्या. क्लोराइडने फक्त हायड्रोजन क्लोराइडचा पांढरा धूर दिला. ब्रोमाइडने धुरासोबत ब्रोमीनची तपकिरी वाफ आणि सल्फर डायॉक्साइड. आयोडाइडच्या नळीत जांभळी वाफ, काठावर पिवळं गंधक, आणि ओल्या लेड अ‍ॅसिटेटचा कागद काळा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडसुद्धा. एकाच आम्लातल्या गंधकाचा ऑक्सिडीकरण अंक अधिक सहा होता. क्लोराइडने त्याला हात लावला नाही, ब्रोमाइडने अधिक चारपर्यंत आणलं, आयोडाइडने पार उणे दोनपर्यंत. जो हॅलोजन इलेक्ट्रॉन हिसकावण्यात मागे, त्याचा आयन इलेक्ट्रॉन देण्यात पुढे.

अ‍ॅस्टटीन या रांगेत कुठे बसेल हे कागदावर मांडता येतं. त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे आठ तास, दिसेल एवढा खडा कुणी जमवलेला नाही.

४ ऑगस्ट

शेवटचा प्रयोग, आधी भाकीत लिहून. एका नळीत ब्रोमाइड आणि आयोडाइड दोन्ही, प्रत्येकी ०.०२ मोलर, मिळून १ मिलीलिटर. वर सायक्लोहेक्झेन. क्लोरीनचं पाणी थेंबाथेंबाने, दर थेंबाला हलवायचं. भाकीत: आधी आयोडीन सुटेल, जांभळं. मग आयोडेट होऊन जांभळं जाईल. त्यानंतरच ब्रोमीनचा नारिंगी दिसेल.

पहिल्या थेंबाला वरचा थर गुलाबी. पाचव्याला गर्द जांभळा. पंधराव्यापर्यंत तसाच, मग लालसर आणि पातळ होत गेला. पंचविसाव्यानंतर जांभळ्याचा मागमूस उरला नाही, थर फिकट पिवळा दिसायला लागला. तिसाव्याला स्वच्छ नारिंगी.

१५ तारखेला वहीत खोडलेला "तपकिरी" हा शब्द मी पुन्हा लिहिला आणि त्याच्यापुढे थेंबांची संख्या मांडली. नळ्यांत उरलेल्या हॅलोजनवर हायपो ओतलं. नारिंगी थर हलवताच गेला, जांभळ्या नळ्यांना थोडा वेळ लागला.